दार वर जायला हवं होतं

थोरलीला जुळ्या मुली झाल्या आणि त्यांना घेऊन ती काही महिने आईकडे राहायला आली, त्या वर्षीची ही गोष्ट आहे.

घर आधीच जेमतेम. त्यात पुढच्या खोलीत दोन पाळणे आले, खिडकीला दुपटी लटकली आणि टीव्हीच्या डोक्यावर दुधाच्या बाटल्यांची रांग लागली. एक मुलगी झोपली की दुसरी उठायची. दोघी झोपल्या की आई सगळ्यांना दटावायची, "हळू! श्वाससुद्धा हळू घ्या!" या सगळ्यात धाकटीचा रविवार गेला.

धाकटीचा रविवार म्हणजे काय, ते आधी सांगितलं पाहिजे. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दंतवैद्य तोंडाचे ठसे पाठवायचे आणि ती त्यावरून कवळ्या बनवायची. आठवडाभर प्लास्टर कालवायचं, मेणात दात बसवायचे, घासायचे, पुन्हा घासायचे. संध्याकाळी घरी आली की केसांतून पांढरी भुकटी निघायची. हे सगळं ती मुकाट्याने करायची, कारण रविवारी दुपारी जेवण झालं की तिचा 'मिठाचा किल्ला' असायचा.

'मिठाचा किल्ला' ही जाडजूड पुस्तकांची मालिका. सहा भाग आले होते, सातवा यायचा होता, आणि पहिल्या काही भागांवर सिनेमे निघाले होते. समुद्राकाठी एक किल्ला, सगळाच्या सगळा मिठाचा. भिंती मिठाच्या, बुरूज मिठाचे. पाऊस पडला की संपलं. म्हणून तिथल्या राणीने एक ड्रॅगन पाळला होता, तो आकाशातले ढग पिऊन टाकायचा. त्याचं नाव ढगखाऊ. आणि आता हा ढगखाऊ म्हातारा झाला होता... एवढं कुणी ऐकून घेतलं की धाकटी पुढचं तासभर सांगायची. पण ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

पूर्वी होतं. थोरलीनेच तिला पहिला भाग वाचून दाखवला होता, एका पांघरुणात शिरून. ढगखाऊचा आवाज थोरली इतका छान काढायची की धाकटी उशीत तोंड खुपसायची. मग थोरलीचं लग्न झालं. पहिल्या वर्षी म्हणाली, "वेळच मिळत नाही गं." पुढे म्हणाली, "वाचायचं राहिलंय." आणि आता धाकटीने सहाव्या भागाचं नाव काढलं, तर ती बाटली हलवत म्हणाली, "तू अजून तेच वाचतेस?"

त्या वाक्याचा धाकटीला इतका राग आला की दोन दिवस ती बहिणीशी धड बोलली नाही. मग राग ओसरला आणि भीती उरली. लग्न झाल्यावर माणसाचं हेच होत असेल, तर आपल्याला नको. आपला रविवार कुणाच्या हातात द्यायचा नाही, असं तिने पक्कं ठरवलं, आणि पुस्तकं पिशवीत भरून ती आत्याकडे जाऊ लागली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. चौथ्या मजल्यावर एकटीच राहायची. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेली, जन्म दुसऱ्यांचं बोलणं जोडून देण्यात गेलेला, त्यामुळे निवृत्त झाल्यावर तिला बोलण्याचाच वीट आला होता. पण किल्ल्याचं वेड तिला धाकटीइतकंच. तिच्या घरात एक नियम होता. सिनेमा चालू असताना जो तोंड उघडेल, त्याने चहाचे कप विसळायचे. आत्या आणि धाकटी, दोघींचे कप संध्याकाळपर्यंत तसेच पडलेले असायचे. कुणी बोलायचंच नाही ना!

असे काही रविवार सुखात गेले. मग त्या इमारतीची लिफ्ट बंद पडली.

धाकटी आत होती. दुपारची वेळ, बाहेर रिमझिम, हातात सहावा भाग. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये आचका देऊन थांबली. तिने घंटीचं बटण दाबलं, वरचा दिवा चालू आहे याची खात्री केली, खाली बसली आणि पुस्तक उघडलं.

बऱ्याच वेळाने वर खडखडाट झाला. दार फटीएवढं, मग हातभर उघडलं आणि एक ओला चेहरा खाली वाकला.

"घाबरू नका बाई, मी आलोय. हात द्या."

"घाबरले नाहीये. जरा थांबा."

"थांबा? अहो, तुम्ही अडकलाय!"

"माहीत आहे. दीड पान राहिलंय."

वरचा माणूस म्हणाला, "मी रविवारचं जेवण टाकून आलोय. पावसात. सायकलवर."

"मग माझ्यावर का ओरडता? लिफ्ट मी बिघडवली का?"

"ओरडत नाहीये... बरं, वाचा. वाचा." त्याने दाराला खांदा टेकवला. अर्धं मिनिट गेलं असेल. "काय चाललंय एवढं त्यात?"

"समुद्राला भरती आलीय. किल्ल्याच्या पायथ्याला पाणी लागलंय. किल्ला मिठाचा आहे."

"मिठाचा?" तो आणखी खाली वाकला. "मग ही माणसं अंघोळ कुठे करतात?"

धाकटीने पुस्तक मिटलं आणि वर बघितलं. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या स्वतःच्याही मनात आलं नव्हतं. आणि यापुढे अंघोळीचा प्रसंग आला की तेच मनात येणार होतं. तिला भयंकर वैताग आला. त्याचा पुढचा एक दात कोपऱ्यावर किंचित तुटलेला होता, आणि तो आपण पाहिला याचाही वैताग आला.

त्याने तिला वर ओढून काढलं. हाताला ग्रीस लागलं ते पुस्तकालाही लागलं. भांडण तिथेच झालं असतं, पण आत्या दारात उभी होती. "मुलीला काढलंत, आता चहा घेऊन जा," म्हणाली. जन्मात कुणाला फारसं न बोलावणारी बाई! लिफ्टवाला आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला. पहिला सिनेमा लावलेला होता. चहा संपला तरी तो उठला नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर.

"आज काय बिघडलं?" धाकटीने दारातच विचारलं.

"काही नाही. चालतेय ना नीट, ते बघायला आलो."

"चालतेय. बघितलंत?"

"बघितलं." तो तसाच उभा. "तो ढगखाऊ... मागच्या वेळी गुहेत गेला होता. बाहेर आला का?"

आतून आत्या ओरडली, "येऊ दे गं त्याला! दार लाव, आवाज येतोय बाहेरचा!"

आता काय सांगावं त्या दुपारींचं! तो माणूस गप्प बसूच शकत नव्हता. राणी गच्चीवर आली की, "ही कोण? मघाचीच की तिची बहीण?" तलवारी निघाल्या की, "यातले आपले कोणते?" एखादा मरून पडला की, "हा तर आधीच मेला होता ना?" धाकटी दात आवळून पडद्याकडे बघायची. आत्या एक बोट वर करायची, म्हणजे एक कप. दुसरं बोट, म्हणजे दुसरा कप. कप संपले की ताटल्या. एका रविवारी तर त्याने चित्र संपायच्या आत आत्याची सगळी भांडी घासून ओटाही पुसून टाकला होता, आणि मोरीतूनच विचारत होता, "आता काय झालं? कोण ओरडलं?"

"कुणी नाही!" धाकटी किंचाळली.

"एक कप," आत्या म्हणाली. तो धाकटीचा.

त्या घरात धाकटीने पहिल्यांदाच कप विसळला. तो शेजारी उभा राहून पुसत होता. "तुमची चूक नव्हती," तो हळूच म्हणाला. "मी आत्यांना सांगतो... तो कप माझ्या नावावर घाला म्हणून."

"तुम्ही काही सांगू नका. तुम्ही आधीच फार सांगता."

"सांगत नाही. विचारतो."

"तेच ते!"

"तेच कसं? सांगणाऱ्याला माहीत असतं. मला काहीच माहीत नाही..." त्याने कप उजेडात धरून बघितला, आणि मग कपाआडून तिच्याकडे. "म्हणून तर येतो."

धाकटीने नळ जोरात सोडला. दोघांच्याही अंगावर पाणी उडालं. घरी जाताना तिला आपला हसरा चेहरा एका दुकानाच्या काचेत दिसला आणि तिने तो ताबडतोब सरळ केला.

मग तिसऱ्या सिनेमाचा रविवार आला.

तिसऱ्या सिनेमात दारवान मरतो. किल्ल्याचं मोठं दार वर उचललं जाणारं, दोरावर टांगलेलं, दोराच्या दुसऱ्या टोकाला मागे दगड बांधलेले. शत्रू आत घुसत असतो, म्हातारा दारवान एकटा दाराखाली उभा राहतो, दार अर्ध्यावर अडकवलेला खिळा तुटतो आणि दार त्याच्यावर कोसळतं. तो मरतो, पण किल्ला वाचतो. हा प्रसंग धाकटीने पहिल्यांदा थोरलीबरोबर पाहिला होता. दोघी हात घट्ट धरून रडल्या होत्या. त्यानंतर प्रत्येक वेळी, कितव्याही वेळी, दार कोसळलं की धाकटी रडायची. आत्याही रडायची. त्या दोन मिनिटांसाठी त्या बाकीचा सिनेमा बघायच्या, असं म्हटलं तरी चालेल.

खिळा तुटला. धाकटीने रुमाल काढला. आणि—

"छे! दार वर जायला हवं होतं!"

धाकटीने मान वळवली. तो खुर्चीच्या टोकाला आला होता.

"अहो, मघाशी ते दार खाली ओढायला चार माणसं लागली. वर जाताना आपोआप गेलं. म्हणजे मागचे दगड दारापेक्षा जड आहेत. आमच्या लिफ्टला असतं तसंच. मग खिळा तुटला तर दगड खाली येणार आणि दार वर जाणार. खाली पडेलच कसं?" आणि तो हसला. टिंगलीने नाही, एखादं कोडं सापडल्यावर हसतात तसा. पण हसला.

पडद्यावर दारवान मरून गेला होता. धाकटीचे डोळे कोरडे होते.

"तुम्ही उठा," ती म्हणाली.

"मी फक्त..."

"उठा. आत्ताच्या आत्ता. माझ्याकडे आठवड्यात एवढी एकच गोष्ट आहे. एकच! तिच्यातही तुम्ही पान्हा घालून बघणार?"

तो उठला. मोरीकडे वळला, सवयीने. मग थांबला, चपला घातल्या आणि जिन्याने खाली गेला. लिफ्ट चालू असूनही जिन्याने गेला.

"कुणीतरी दोर कापला असेल," आत्या विचारात पडून म्हणाली. "राणीचा भाऊ! तोच असणार. बघ हं, एवढ्या वेळा पाहिलं, आणि आपल्याला सुचलं नाही..."

"आत्या, कप!" धाकटी म्हणाली आणि उठून गॅलरीत गेली.

तो पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घरात शांतता होती, हवी होती तशी. फक्त आत्या अधूनमधून दाराकडे बघायची आणि उसासा टाकायची, तो मात्र नियमात बसत होता.

इकडे आईला कुणीतरी एक मुलगा सुचवला. थोरलीच्या नवऱ्याच्या ऑफिसातला, हुद्दा चांगला. "शांत मुलगा आहे," आई म्हणाली. "तुला हवा तसाच. मी त्याला तुझ्या त्या सिनेमाचं सांगितलं, तर म्हणाला, हरकत नाही, बघू की."

"हरकत नाही म्हणाला?"

"अगं, मग काय उड्या मारायच्या का त्याने? तुझा रविवार तुझ्याकडेच राहील. आणखी काय पाहिजे?"

धाकटीला जे हवं होतं ते अगदी हेच होतं. एका रविवारी ऑफिसर आत्याकडे आला. इस्त्रीचा सदरा, दात सरळ, एकसारखे, जणू तिच्याच लॅबमधून निघालेले. आत्याने नियम सांगितला. तो हसून मान डोलावून बसला. आणि खरोखर, अडीच तास एक शब्द बोलला नाही. खोकलासुद्धा नाही.

तिसरा सिनेमा आत्यानेच लावला होता. मुद्दाम की काय, कोण जाणे. दाराचा प्रसंग आला. चार माणसांनी दार खाली ओढलं. ते सोडल्यावर आपोआप वर गेलं. धाकटीची नजर दारवानाकडे न जाता मागच्या दगडांवरच गेली. मग खिळा तुटला... आणि ती वाट बघत राहिली. कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. खुर्ची करकरेल म्हणून. कुणी बोललं नाही. दार कोसळलं. रडू आलं नाही. मेल्याने दार कायमचं बिघडवून ठेवलं, असं तिला वाटलं, आणि मग त्या मेल्याची इतकी आठवण आली की डोळ्यांत पाणी आलं ते भलत्याच कारणाने.

सिनेमा संपल्यावर आत्याने विचारलं, "मग? राणीचा भाऊ कसा वाटला?"

"छान," ऑफिसर म्हणाला. "सज्जन माणूस."

राणीचा भाऊ म्हणजे त्या गोष्टीतला सगळ्यात नीच माणूस. स्वतःच्या बहिणीला त्याने विहिरीत ढकललं होतं, अर्ध्या तासापूर्वी, याच खोलीत, मोठ्या आवाजात.

तो गेल्यावर आत्या म्हणाली, "मुलगा वाईट नाही. पाठीशी घ्यायला बरा, लोडासारखा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटीने लिफ्टमधल्या पाटीवर असलेल्या नंबरावर फोन लावला आणि लिफ्टवाला कुठल्या कामावर आहे ते विचारलं. कुठल्याशा उंच ऑफिसच्या इमारतीत वर्षाची तपासणी चालली होती. बाहीवरचं प्लास्टर तसंच घेऊन ती तिथे गेली. रखवालदाराने वर बोट दाखवलं. शेवटचा जिना चढून ती गच्चीवर आली. बारीक पाऊस पडत होता. कोपऱ्यातल्या खोलीत लिफ्टचं मोठं चाक फिरत होतं, आणि त्याच्या घरघरीत तो पेटीवर बसून पुस्तक वाचत होता. दुसरा भाग. नवा कोरा, पण प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला ग्रीसचा अंगठा.

तिला बघून तो ताडकन उठला. "काय झालं? लिफ्ट अडकली?"

"नाही."

"आत्या बऱ्या आहेत ना?"

"आत्या ठणठणीत आहे. राणीच्या भावाने दोर कापला म्हणून मला रोज फोन करते. तिलाही माहीत नाही मी इथे आलेय." एवढं बोलून तिचा दम संपला. मग रागाने म्हणाली, "तुम्ही माझं दार बिघडवलंत. ते नीट करून द्या."

"कसं?"

"ते मला काय विचारता? मला पुन्हा रडू आलं पाहिजे."

दुसरा कुणी असता तर हसला असता. तो विचारात पडला. हातातलं फडकं या बोटावरून त्या बोटावर गुंडाळत राहिला. "ते नाही जमणार," तो शेवटी म्हणाला. "एकदा दिसलं की दिसलं. दगड जडच आहेत. खोटं कशाला सांगू? पण... मी तेव्हापासून त्याच दाराचा विचार करतोय. चाकाजवळ बसलं की तेच डोक्यात. आणि मला वाटतं, आत्यांचं चुकलंय. दोर कुणी कापला नाही."

"मग?"

"तो दारवान. म्हातारा झाला त्या दाराशी. दार आपोआप वर जातं, हे आपल्याला दिसलं, त्याला माहीत नसेल? खिळा तुटला, आता दार वर जाणार, शत्रू आत येणार. हे त्याला आपल्या आधी कळलं असणार. म्हणून तो पळाला नाही. त्याने दार धरलं... आणि खाली ओढलं. स्वतःवर. चार माणसांचं काम त्याने एकट्याने केलं." त्याने स्वतःचे हात वर केले. "त्याचे हात वर असतात बघा, शेवटी. मला आधी वाटलं, दार अडवतोय. अडवत नाहीये तो. ओढतोय."

धाकटी उभी होती तिथेच खाली बसली, खोलीच्या पायरीवर. हात वर असतात हे तिला पाठ होतं. इतकी वर्षं पाठ होतं. आणि ती रडायला लागली, अशी की लहानपणी थोरलीचा हात धरूनही रडली नव्हती.

"अहो... अहो, मी पुन्हा काही बिघडवलं का?" तो घाबरला. फडकं पुढे केलं, त्यावरचं ग्रीस बघून मागे घेतलं.

"गप्प बसा जरा," ती हुंदक्यांतून म्हणाली. "एक मिनिट तरी."

तो एक मिनिट गप्प बसला. बहुधा पुरं एक मिनिट नसेलच.

"तुमच्या मनात नाही येत कधी असं काही?" त्याने विचारलं. "तुमच्या कामाचं? येतच नाही, हे मला खरं वाटत नाही."

"नाही येत."

"ढगखाऊचे दात बघून पण नाही?"

ती डोळे पुसता पुसता थांबली. मग तिने इकडे तिकडे बघितलं, जणू आत्या तिथेच बोट वर करून बसली होती. "त्याचे दात," ती हळूच म्हणाली, "वरचे आणि खालचे एकमेकांवर बसतच नाहीत. तोंड मिटलं तर जीभ तुटेल. पहिल्या सिनेमापासून मला दिसतंय. आणि मुळात... ढग प्यायला दात लागतात कशाला?"

तो हसायला लागला. तीही हसली, नाक ओढत. "मी हे कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "बोललं की मोडेल असं वाटायचं."

"मोडलं का?"

तिने बाहेर बघितलं. पावसाने गच्ची चकचकीत झाली होती. चाक थांबलं, पुन्हा फिरायला लागलं. खाली कुणीतरी कुठल्यातरी मजल्यावर चाललं होतं.

"काल एकजण आला होता," ती म्हणाली. "आईने पाठवलेला. पूर्ण सिनेमाभर एक शब्द बोलला नाही."

त्याचा चेहरा पडला. "बरं झालं मग. तुम्हाला हवं होतं तसंच..."

"काय बरं झालं? तेवढा वेळ पडद्याकडे बघत होता आणि त्याला काही दिसलं नाही!" तिचा आवाज पुन्हा चढला. "ऐका. माझ्या बहिणीचं लग्न झालं आणि तिचं हे सगळं गेलं. कुणी काढून घेतलं नाही, पण गेलं. मला त्याचीच भीती वाटते. तुमची वाटते. तुम्ही आलात तर माझा रविवार राहील का, हे मला सांगा. नीट सांगा."

त्याने पुस्तक पेटीवर ठेवलं. "गप्प बसेन असं वचन मागू नका," तो म्हणाला. "सहा महिने बसेन, आणि एक दिवस फुटेन. ते मला जमायचं नाही. पण रविवार तुमचा आहे. मी त्यात पाहुणा. तुम्ही नाही वाचलंत तर मी विचारू कुणाला? माझ्या कामावरच्या जोडीदाराला ढगखाऊचं वय विचारलं, तर तो म्हणाला, दोन दिवस सुट्टी घे. मला... मला तुम्ही वाचत राहायला हव्या आहात. आणि मला तुम्ही..." तो अडखळला. एवढा प्रश्नांचा माणूस, आणि एक साधं वाक्य त्याला पुरं करता येईना.

"हव्या आहात?" धाकटीने विचारलं.

"हो."

"मग तसं सरळ म्हणायचं. एवढी दारं, दगड कशाला मध्ये?"

"मला वाटलं तुम्ही चिडाल."

"चिडलेच आहे!" ती म्हणाली, आणि त्याचा ग्रीसचा हात तिने हातात घेतला. प्लास्टर आणि ग्रीस मिळून जो राडा झाला, तो दोघांनाही संध्याकाळपर्यंत निघाला नाही. "आणि हे 'तुम्ही' पुरे आता. ढगखाऊला एकेरी, आणि मला अहोजाहो?"

"बरं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "ढगखाऊचं वय किती गं?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. आई कुरकुरली. ऑफिसर नाकारून लिफ्टवाला, हे तिला बराच काळ पचलं नाही. मग एकदा तिच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये ती अडकली, आणि त्याने तिला बाहेर काढेपर्यंत इतके प्रश्न विचारले की घाबरायचं राहूनच गेलं. त्या दिवसापासून ती त्याला जावई म्हणायला लागली.

रविवार आत्याकडेच राहिला. धाकटी रोज नव्या कारणाने वैतागायची. पानाच्या मध्येच तो थांबवायचा, शेवट ओळखायचा, चुकायचा आणि चुकलो म्हणून तिच्याशीच भांडायचा. पण तिचं वाचन सुटलं नाही. सुटायला त्याने सवडच दिली नाही.

सातवा भाग आला तेव्हा आत्याला बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. म्हणून लिफ्टवाला मोठ्याने वाचायचा, धाकटी आवाज काढायची आणि आत्या पलंगावर पडून ऐकायची. नियम तिने मागे घेतला होता. "विचार रे, विचार," म्हणायची. "तेवढंच जास्त दिवस चालेल." एका रविवारी थोरली आली. मुली तिच्या नवऱ्याकडे होत्या. ती दारातच उभी राहिली, चपला न काढता, आणि म्हणाली, "ढगखाऊ... जिवंत आहे ना गं अजून?" धाकटीने सरकून तिला जागा दिली. त्या दुपारी ढगखाऊचा आवाज थोरलीने काढला.

ढगखाऊ शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहिला. दाराबद्दल मात्र लेखिकेने कुठेही एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि आत्याने त्यासाठी तिला आठवडाभर शिव्या घातल्या.

आत्या त्याच वर्षी, डिसेंबरात, एका बुधवारी सकाळी गेली.